मला मोगरा सोसत नाही

एप्रिल अर्धा सरला की आमच्या बोरीवली स्टेशनाबाहेरच्या फुलवाल्या बायकांच्या पाट्या पांढऱ्या होतात. झेंडू, शेवंती, अबोली सगळे मागे सरकतात आणि ओल्या फडक्यावर मोगऱ्याचे ढीग बसतात. संध्याकाळी तिथून जाणारी माणसं चाल हळू करतात. एरवी कोपरं मारत पुढे घुसणाऱ्या बायका थांबतात, ओंजळभर कळ्या नाकाशी नेतात आणि डोळे मिटतात. उन्हाने दिवसभर जे काही केलं ते माफ, असा त्यांचा चेहरा होतो. मी मात्र रस्ता ओलांडून समोरच्या मोबाइल कव्हरवाल्यांच्या बाजूने जाते. तिथे रबराचा आणि वडे तळल्याच्या तेलाचा वास येतो. तो मला चालतो.

मला मोगरा सोसत नाही. हे वाक्य एकदा कुणाजवळ तरी बोलून बघा. समोरच्याला वाटतं, हिच्यात काहीतरी कमी आहे. गाणी, गजरे, पाण्याच्या माठात टाकलेली दोन फुलं, उशाशी ठेवलेली ओंजळ, सगळ्यांच्या उन्हाळ्याच्या आठवणी या वासाने भरलेल्या. मी सुरुवातीला ॲलर्जी आहे असं सांगायचे. ॲलर्जी लोकांना पटते. खरं उत्तर असं आहे की मला किळस येते, आणि हे उत्तर कुणालाच नको असतं.

दरवर्षी मी रस्ता ओलांडून सुटते. यंदा सुटता आलं नाही. आज दुपारी ऑफिसात सासूबाईंचा फोन आला.

"येताना मोगरो हाड गो. जास्त हाड. पूर्वाक बांधूक होयो."

पूर्वा म्हणजे माझी धाकटी जाऊ, दीर समीरची बायको, शाळेत शिकवते. तिचं बाळ जानेवारीच्या शेवटी झालं. आम्ही सगळे एकाच घरात राहतो. काल सकाळपासून पूर्वाला ताप आहे, एका बाजूची छाती दगडासारखी झाली आहे, हात लागला तरी ती दात आवळते. सासूबाईंनी त्यावरचा उपाय ठरवून टाकला होता. बाळाचं अंगावरचं सोडवायचं. मोगऱ्याची फुलं छातीला बांधून ठेवली की दूध आटतं, हे आमच्या कोकणातल्या बायकांना जुनं ठाऊक. फुलांनी आटतं की फुलं बांधल्यावर पाजणं थांबतं म्हणून आटतं, ते मला सांगता येणार नाही. माझं आटलं होतं, एवढं सांगता येईल.

फोन ठेवला तेव्हा ऑफिसात एसी चालू होता, खिडक्या बंद होत्या, आणि तरी मला तो वास आला.

माझी सई आता आठवीत आहे. ती झाली ते वर्ष म्हणजे माझ्यासाठी हाच ऋतू: घामोळ्यांची पावडर, ओवा आणि बाळंतशोपेची धुरी, दोरीवर वाळणारी दुपटी, आणि शेवटी मोगरा. नर्सिंग होममधल्या पहिल्या दिवशी माझ्या छातीतून घट्ट, पिवळं काहीतरी आलं होतं. थेंबच होते. मला वाटलं, आलं बाई. सासूबाईंनी वाटी पुढे केली. "ह्या जड असता. पिळून टाक." प्रेमानेच म्हणाल्या, माझ्या पाठीवर हात ठेवून. वाटी बेसिनमध्ये विसळली गेली. तेवढ्यात आयाने चमच्याने डब्याचं दूध सईच्या तोंडात घातलंसुद्धा. "आईला अजून दूध कुठंय?" असं ती सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली. त्या डब्याचा गोड, बिस्किटासारखा वास खोलीभर पसरला. सगळ्यांना हायसं वाटलं. बाळाला दूध पिताना सगळ्यांनी पाहिलं, फक्त ते दूध माझं नव्हतं.

घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात खरवस शिजत होता. गोरेगावच्या तबेल्यातून सासऱ्यांनी मुद्दाम चीक आणवला होता. नुकत्याच व्यालेल्या म्हशीचं पहिलं दूध. घट्ट, पिवळं. त्यात गूळ, वेलची, वर जायफळ. सगळ्यांनी वड्या मागून मागून खाल्ल्या. मलाही बशी दिली, अंगात ताकद येते म्हणून. म्हशीचा चीक पौष्टिक आणि माझा जड, हे तेव्हा मला सुचलं नाही. मी खरवस खाल्ला, चांगला झाला होता. पुढे कधीतरी पोळ्या लाटताना अचानक सुचलं आणि लाटणं हातात तसंच राहिलं. तेव्हापासून खरवसही उतरला मनातून.

त्या दिवसांत माझ्या छातीबद्दल बोलायची सगळ्यांना मुभा होती. एरवी ज्या गोष्टीवरची ओढणी सरकली तर चार नजरा ती ओढणी जागेवर बसवतात, त्याच गोष्टीची चौकशी दारात, जिन्यात, फोनवर चालायची. दूध येतं का? पुरतं का? पातळ आहे का? दुसऱ्या मजल्यावरच्या भाभींनी तर लिफ्टमध्ये, त्यांच्या सासऱ्यांच्या देखत विचारलं, "बराबर आता है ना?" सासरे लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले. मी म्हणाले, आता है. मग त्यांनी शतावरी सांगितली. कुणी अळीव सांगितलं, कुणी डिंक, कुणी लसूण तुपात तळून. बाळ रडलं की पहिलं वाक्य ठरलेलं होतं: पोट भरलेलं दिसत नाही. ते उकाड्याने रडलं असेल, दुपट्याची गाठ टोचली असेल, नुसतं कंटाळलं असेल. पण नाही. बाळ रडलं म्हणजे मी कमी पडले. हे इतक्या वेळा ऐकलं की माझंच मला खरं वाटायला लागलं.

चौकशीला सगळे तयार, पण पाजायला जागा कुणी द्यायची? आमचा तेव्हा वन बीएचके. हॉलमध्ये पाहुणे. बेडरूममध्ये दुपारी सासरे झोपायचे. मिलमध्ये आयुष्यभर पाळ्या केलेला माणूस, त्यांच्या झोपेला घरात मान होता. मग मी स्वयंपाकघरात स्टूल घेऊन फ्रिजकडे तोंड करून बसायचे. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, आत आम्ही दोघी घामाने चिंब. सईचं नाक माझ्या अंगावर घासायचं, ती तोंड सोडून श्वास घ्यायची, पुन्हा धरायची. मागून कुणी पाणी प्यायला आलं की मी आणखी वाकायचे. फ्रिजच्या दारावर गणपतीचं मॅग्नेट होतं आणि पिझ्झावाल्याचा नंबर होता. तो नंबर मला अजून पाठ आहे.

आणि तरीही. त्या स्टुलावर, त्या पदराच्या आत, काहीतरी होतं जे मला कुणाला सांगता आलं नाही. ती प्यायला लागली की आधी घाईघाईने ओढायची, मग लय सापडायची, मग घशातून एक छोटासा 'क्क' आवाज यायचा. तिची मूठ हळूहळू उघडायची. मला झोप यायची, तहान लागायची, आणि अंगातून काहीतरी सैल होत जायचं. मला ते आवडायचं. सगळे त्याला त्याग म्हणायचे, कर्तव्य म्हणायचे, आईपणाचं कौतुक करायचे. आवडतं असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं असतं तर कुणीतरी नक्की तोंड वाकडं केलं असतं.

रजा तेव्हा तीन महिन्यांचीच असायची. मी अंधेरीला दागिन्यांच्या एका एक्स्पोर्ट कंपनीत कॉम्प्युटरवर अंगठ्यांची डिझाइन करायचे. या धंद्याची एक रीत असते. आत जाताना तुम्ही कर्मचारी, बाहेर पडताना तुम्ही संशयित. कपड्यांना खिसा चालत नाही. पर्स आत नेता येत नाही, पारदर्शक पिशवी न्यायची. डबा उघडून दाखवायचा. मी उरलेल्या पोळीची घडी उलगडून तपासलेली पाहिली आहे. केस मोकळे करायला लावतात, चपला झटकायला लावतात. आम्हाला सवय झालेली. हिरे मोहरीएवढे असतात, कुठेही लपतात, असं सगळेच समजुतीने म्हणायचे. त्यात कुणाला अपमान वाटत नसे, मलाही नाही.

कामावर परत गेले आणि सकाळी अकराच्या सुमाराला छाती भरून यायची. पंप घेतला होता. एचआरच्या मुलीने आपुलकीने सांगितलं, "अगं, टॉयलेटमध्ये कर ना, तिथे कोणी येत नाही." येत कसं नाही? सगळ्याजणी यायच्या. एकच कमोडचं टॉयलेट होतं, त्याच्या झाकणावर बसून, गुडघे दाराला टेकवून मी पंप चालवायचे. डांबरगोळीचा वास, फिनाईलचा वास, बाजूच्या संडासात कुणाचं तरी पोट बिघडलेलं, आणि माझ्या हातात सईचं जेवण. बाहेरून दार वाजायचं. "यार, किती वेळ?" त्या बाटलीकडे बघून एकजण म्हणाली होती, "ईई, मी नाही हं असलं करू शकणार." ती वाईट नव्हती. वाढदिवसाला माझ्यासाठी केक आणणारी मुलगी. तिच्या कॉफीत रोज दूध असायचं, ते गायीचं म्हणून चालत होतं.

बाटली मी पॅन्ट्रीच्या फ्रिजमध्ये कागदात गुंडाळून ठेवायचे आणि संध्याकाळी घरी न्यायचे. पहिले काही दिवस गेटवरच्या बाईंनी नुसतं पाहून सोडलं. मग कुठल्याशा डिपार्टमेंटमध्ये बारीक हिऱ्यांची पुडी कमी भरली आणि तपासणी कडक झाली. त्या संध्याकाळी सिक्युरिटीच्या बाईंनी माझी बाटली उजेडाकडे धरली, हलवली. पांढऱ्यातून काही दिसत नव्हतं.

"मॅडम, खोलना पडेगा. बुरा मत मानना, रूल है."

मी म्हणाले, ते दूध आहे, माझ्या बाळाचं. त्या म्हणाल्या, मालूम है. त्यांनी पॅन्ट्रीतून चहाचं गाळणं मागवलं. गाळण्याची जाळी रोजच्या चहाने तपकिरी झालेली, कडेला आल्याचा एक तंतू चिकटलेला. खाली स्टीलचा जग. त्यांनी बाटली उघडली आणि माझं दूध त्या गाळण्यातून ओतलं. हळू, काळजीपूर्वक, एक थेंबही बाहेर पडू न देता. मग गाळणं ट्यूबलाइटखाली धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. हिरा नव्हता. काचेच्या पलीकडे पुरुषांची रांग होती. त्यांच्यातला एकजण काही तरी बोलला, बाकीचे हसले. ऐकू आलं नाही. ऐकू यायची गरज नव्हती. बाईंनी जगातलं दूध परत बाटलीत ओतून, बूच घट्ट लावून माझ्या हातात दिलं. "हो गया, मॅडम."

घरी जाईपर्यंत ती बाटली मी हातात धरली होती. तिला आता चहाचा वास येत होता. मी ती मोरीत ओतली आणि नळ सोडला.

दुसऱ्या दिवसापासून मी पंप करायचे आणि तिथेच, टॉयलेटमधल्या बेसिनमध्ये ओतून टाकायचे. पुढे वाटलं, ओतूनच टाकायचंय तर इतका खटाटोप कशाला. मग छातीत गाठी यायला लागल्या. ब्लाउजमध्ये रुमाल घालायचे, तो भिजून आंबायचा, कॉम्प्युटरसमोर बसल्या बसल्या स्वतःचाच आंबूस वास यायचा आणि मी खुर्ची मागे सरकवायचे. घरी बाटलीचं दूध पटकन येतं, ओढावं लागत नाही, हे सईला कळलं होतं. संध्याकाळी मी तिला जवळ घेतलं की ती थोडं ओढायची, चिडायची आणि तोंड फिरवायची. सासूबाई हसून म्हणायच्या, "तिकाच नको आसा." बाटली पाजताना त्यांना फार आनंद व्हायचा. तो मी त्यांना नाकारू शकत नाही; इतकी वर्षं सगळ्यांना जेवायला वाढलं, कुणी मांडीवर पडून त्यांच्या हातचं असं डोळ्यांत बघत कधी खाल्लं होतं?

मेच्या मध्यावर मला ताप भरला. सासूबाईंनी बाजारातून मोगरा आणला, जुन्या सुती लुगड्याचा पट्टा फाडला, फुलं पसरली आणि माझ्या छातीला घट्ट बांधली. "चार दिसांत सुटतलंस, बाय." हात किती हलका होता त्यांचा. कुणी मला काही वाईट केलं असं म्हणावं, तर तेही नाही.

मग तो वास. पहिल्या तासात सगळं घर घमघमलं. नवरा, संदेश, कामावरून आला, दारातच थांबून म्हणाला, "क्या बात है, कसला मस्त वास येतोय घरात." मी आतल्या खोलीत पडले होते. अंगाच्या तापाने फुलं शिजायला लागली. पांढरी होती ती पिवळी झाली, मग चहाच्या रंगाची. दूध गळत होतंच, ते फुलांत मुरत होतं. मोगरा, घाम आणि नासलेलं दूध. पट्टा सोडला की पाकळ्या कातडीला चिकटून बसलेल्या असायच्या, नखाने एकेक काढाव्या लागायच्या. लगेच ताजी फुलं. हॉलमध्ये सई रडायची, छातीत कळ यायची, दूध वाहायचं, फुलं आणखी भिजायची. संदेश कपाळावर हात ठेवून म्हणाला, "बरं झालं ना, तुझीच सुटका झाली." तो मनापासून बोलत होता. मला मोरीत जाऊन उलटी झाली. सगळे म्हणाले, तापामुळे.

चार-पाच दिवसांत खरंच सगळं मऊ पडलं. सईने एकदाही वळून मागितलं नाही.

नंतर कुणी कुणी विचारायचं, लवकर का सोडवलं गं? मी सांगायचे, दूध पुरलं नाही. सगळ्याच असं सांगतात. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या बायकांना दूध पुरलं नाही. एवढ्या बायकांच्या छात्या एकदम कोरड्या कशा काय पडल्या, असा प्रश्न कुणाला पडत नाही. डॉक्टरांच्या भिंतीवर पोस्टर असतं, त्यात गोरीपान आई मान तिरकी करून बाळाकडे बघत असते. आईचं दूध अमृत, असं खाली लिहिलेलं. तिच्या मागे फ्रिज नसतो. तिचे गुडघे संडासाच्या दाराला टेकलेले नसतात. अमृत म्हणायला कुणाचं काय जातं? बसायला एक खुर्ची, बंद होणारं एक दार आणि थोडा वेळ, एवढंच लागतं, आणि तेवढंच कुणी देत नाही. पोस्टर मात्र दरवर्षी नवीन लागतं.

ज्यांनी आपल्या मनाने सोडवलं त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. माझी कॉलेजची मैत्रीण मुलुंडला असते. तिने तिसऱ्या महिन्यात शांतपणे ठरवलं, आता बस, मला माझं शरीर परत हवंय. तिचा मुलगा ठणठणीत आहे, सईही ठणठणीत आहे. डब्याच्या दुधाने पोरं वाढतात, ती काही मरत नाहीत. मला तिचा हेवा वाटला तो एवढ्याचसाठी की ठरवलं तिने होतं. माझं कुणी ठरवलं, ते आजपर्यंत मला सापडलेलं नाही. वाटी, चमचा, स्टूल, गाळणं, फुलं. प्रत्येकाने थोडं थोडं केलं आणि प्रत्येकाने माझ्या भल्यासाठी केलं.

मागच्या वर्षी सईच्या शाळेत नऊवारी नेसून नाच होता. तिला गजरा हवा होता, मोगऱ्याचाच. मी आणला. श्वास रोखून तिच्या केसांत माळला, पिना लावल्या. ती वळून गळ्यात पडायला आली आणि मी नकळत एक पाऊल मागे गेले. तिला वाटलं मेकअप बिघडेल म्हणून. ते एक पाऊल मी कुणाला माफ करणार नाही.

तर आज संध्याकाळी मी स्टेशनाबाहेर रस्ता ओलांडला नाही. फुलवालीकडून भरपूर मोगरा घेतला. तिने पानात बांधून दिला, वरून पाणी शिंपडलं. रिक्षात पिशवी पायाशी ठेवली, तर रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "वा मॅडम, गाडी महक गयी." मी डोकं बाहेर काढून बसले.

हॉलमध्ये समीर कानाला हेडफोन लावून लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होता. सासूबाईंच्या मांडीवर बाळ, तोंडात बाटली. ते बाटलीचं निपल ढकलून देत होतं आणि रडत होतं. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "हाडलंस?" मी मान हलवली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि सरळ पूर्वाच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. गाउन पुढून भिजलेला. हॉलमधून रडणं ऐकू आलं की तिचे खांदे आखडत होते.

"डॉक्टरांकडे जाऊन आलीस ना? काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"त्या म्हणाल्या गोळ्या घे, शेक घे आणि पाजत राहा. थांबवू नकोस म्हणाल्या. पण आई म्हणतात तापाचं दूध बाळाला बाधेल. आणि जूनमध्ये शाळा सुरू होईल माझी, तेव्हा सोडवायचंच आहे तर आत्ताच सोडव. समीर म्हणतो, तुम्ही बायका ठरवा."

"तू काय म्हणतेस?"

"मी?"

"हो, तू."

ती उठून बसली. तिला कुणी विचारलंच नव्हतं, हे तिला त्याच क्षणी कळत होतं. मला ते चेहऱ्यावर दिसत होतं आणि बघवत नव्हतं.

"मला पाजायचंय," ती म्हणाली. मग खाली बघून, अगदी हळू, "मला आवडतं गं ताई. असं म्हणायची पण लाज वाटते."

मी हॉलमध्ये गेले. सासूबाईंच्या मांडीवरून बाळ उचललं. त्या काही बोलायच्या आत म्हणाले, "डॉक्टरांनी पाजायला सांगितलंय. ती पाजणार आहे." समीरने हेडफोनचा एक कान वर केला. मी त्याला म्हणाले, "तू पलंगाजवळ खुर्ची नेऊन ठेव, हात टेकायला दांडे असलेली. आणि मीटिंग बाहेर जिन्यात कर." तो उठला. खुर्ची नेली. बाळ पूर्वाकडे दिलं. तिने दुखऱ्या बाजूला धरलं तेव्हा डोळे घट्ट मिटले, पायाची बोटं आवळली. बाळाने आधी घाई केली, चिडलं, पुन्हा धरलं. मग तो छोटासा 'क्क' आला. पूर्वाचे खांदे खाली आले.

मी स्वयंपाकघरात आले. पिशवी उघडली. वास अंगावर आला. मी ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्याचं झाकण उघडलं आणि सगळा मोगरा त्यात ओतला, कलिंगडाच्या साली आणि चहाच्या चोथ्यावर.

सासूबाई मागे उभ्या होत्या.

"अगो, चांगली फुला ती. टाकतंस कित्याक?"

"आई," मी म्हणाले, "ते दूधही चांगलंच होतं."

कुठल्या दुधाबद्दल बोलतेय ते त्यांना कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. मग त्यांची नजर बेसिनकडे गेली आणि तिथेच थांबली. आतून बाळाच्या गिळण्याचा आवाज येत होता. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, रॅकवरून पातेलं काढलं, नळाखाली भरलं आणि गॅसवर ठेवलं.

"शेक दिऊक पाणी लागतला ना तिका," त्या म्हणाल्या. "स्वच्छ फडको बघ खय आसा तो."